मूळ प्रत आणि तिच्या नकला

छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणारा हमरस्ता गोदावरी ओलांडतो, तो शहागड येथे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील हे गाव नदीच्या उत्तर काठी वसलेले आहे. पैलतीर बीड जिल्ह्याचा. वर पैठणला जायकवाडीचे धरण भरून त्याचे दरवाजे उघडले, की गोदाकाठची माणसे पाणी पाहावयास पुलाकडे धाव घेतात, आणि आजच्या काळात त्यांपैकी बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो. पुराचे दोनतीन मिनिटांचे चित्रण होते. ते गावातून जालन्यास, तेथून पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या भावाकडे, आणि तेथून कोणा आप्ताकडे परदेशी जाते. वाटेत कोणी ते उतरवून घेतो, त्यावर गावाचे नाव व तारीख घालतो, मागे एखादे गाणे जोडतो व पुन्हा पाठवितो. चौथ्यापाचव्या हाती ते पोचते तेव्हा पाण्याच्या लाटा जाऊन त्यांच्या जागी राखाडी चौकोनी ठिगळे उरलेली असतात, पुलाचा कठडा वितळल्यासारखा दिसतो, आणि पाणी कठड्याच्या किती खाली होते, हा जो खरा प्रश्न, त्याचे उत्तर त्या चित्रातून देता येत नाही.

नकलेची नक्कल करीत गेल्याने मूळ वस्तू झिजते, हा अनुभव ह्याच नदीच्या काठी फार जुना आहे. शहागडहून प्रवाहाच्या उलट दिशेने गेले म्हणजे पैठण लागते. नेवासे येथे शके १२१२ मध्ये सांगून पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांच्या काळापर्यंत हातोहात उतरली जात होती. तीन शतकांत कित्येक लेखकांचे हात तिच्यावरून फिरले होते. कोठे शब्द गळले, कोठे कळेनासा झालेला जुना शब्द बदलला गेला, कोठे कोणी आपल्या पदरची ओवी घुसडली. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ त, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ह्यापुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजावून ठेवले. पोथीचा लेखक चुकून भर घालतो अथवा गाळतो. चित्रण लहान करणारे यंत्र मात्र बुद्ध्या गाळते, आणि काय गाळावे ह्याचे नियम त्याला आधीच घालून दिलेले असतात. हा भेद सोडला, तर दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच: कोणत्या प्रतीवरून नक्कल करावी, आणि मूळ कोणी जपावे?

महाराष्ट्रात हलत्या चित्राचा धंदा सुरू झाला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या पाठीशी आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. त्या वेळी कच्ची फीत काठावरच्या भोकांवाचून येत असे. ती भोके अंधाऱ्या खोलीत पाडण्याचे आणि फीत धुण्याचे कष्ट त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चित्रे धरली, तर हा हिशेब साठ हजार चित्रांच्या घरात जातो. प्रत्येक फुटाला पैसे पडत, आणि म्हणून किती चित्रे घ्यावीत, कोणता तुकडा ठेवावा, कोणता टाकावा, हा विचार फाळक्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन भिडलेला होता. गुणवत्ता आणि आकार ह्यांचा तंटा संगणकाबरोबर जन्मास आला असे मानण्याचे कारण नाही. पूर्वी तो फुटांत मोजीत, आता मेगाबाइटांत मोजतात, इतकेच.

फितीच्या काळातील संकलकांनी ह्या तंट्यावर एक शहाणपणाची तोड काढली होती. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह फीत संकलकाच्या टेबलावर येतच नसे. तिच्यावरून एक साधी छापील प्रत काढीत. ओरखडे पडले, चिकटपट्ट्या लागल्या, पुन्हापुन्हा उलगडून मळली, तरी तिची कोणास फिकीर नसे. संकलक ह्या कामाच्या प्रतीवर कात्री चालवी. चित्रपट मनासारखा जुळला, म्हणजे फितीच्या काठावर छापलेले आकडे पाहून मूळ निगेटिव्ह त्या त्या ठिकाणी एकदाच, हातमोजे घालून कापली जाई, व तिच्यावरून चित्रपटगृहांसाठी प्रती निघत. जपून ठेवावयाची प्रत, कामाची प्रत आणि दाखवावयाची प्रत अशा तीन वस्तू त्यांनी वेगळ्या मानल्या. आजच्या व्हिडिओ-संकलनात जो घोटाळा होतो तो बहुतेक वेळा ह्या तिन्ही प्रती एकच समजल्याने होतो.

अर्थात तोड ठाऊक असणे निराळे आणि मूळ प्रत जपणे निराळे. त्या काळची फीत नायट्रेटची. ती एकदा पेटली म्हणजे पाण्यानेही विझत नाही, आणि न पेटली तरी कालांतराने चिकट होऊन तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असे, व जुन्या चित्रपटापेक्षा ती चांदी अधिक मोलाची वाटून कित्येक रिळे वितळविली गेली. भारतात हजारावर मूकपट निघाले. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजावे असे थोडेच पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे तेवढी उरली आहेत, आणि तीही १९१३ सालची नसून फाळक्यांनी पुढे पुन्हा घेतलेल्या चित्रपटाची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकला लागलेला ‘आलम आरा’ तर मुळीच उरलेला नाही.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून उरलेसुरले डबे गोळा करण्यात आपले आयुष्य वेचले. १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तो आज पाहावयास मिळतो, ह्याचे श्रेय अशा जपणुकीला आहे. ज्या प्रभातनगरीत हे चित्रपट घडले तेथे पुढे चित्रपटविद्येची सरकारी संस्था उभी राहिली, आणि त्याच आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास जानेवारी २००३ मध्ये आग लागली. ज्यांच्या नकला सुरक्षित फितीवर आधी उतरवून घेतल्या होत्या ते चित्रपट नकलेच्या रूपाने राहिले. परंतु फितीवरून फीत उतरविली, की दर खेपेस छायेतील बारकावा थोडा बुजतो व उजेड थोडा रखरखीत होतो. मूळ जळून गेल्यावर ती झीज भरून काढण्याचा मार्ग उरत नाही.

फितीमागून चुंबकीय पट्टी आली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात व्हीएचएस कॅसेट मध्यमवर्गीय घरांत शिरली, आणि लग्नमुंजीचे चित्रण करणारा गृहस्थ भटजी व आचारी ह्यांच्याइतकाच अगत्याचा झाला. कॅसेटचे संकलन म्हणजे एका यंत्रावर चालवून दुसऱ्या यंत्रावर उतरविणे, कात्री नाहीच. त्यामुळे संकलन झालेली पहिली कॅसेटच मुळी दुसऱ्या पिढीची असे, आणि वरपक्ष, वधूपक्ष, मामा, आत्या ह्यांना दिलेल्या कॅसेटी तिसऱ्या पिढीच्या. मामांच्या घरी गेलेल्या कॅसेटवरून कोणी आणखी एक उतरविली म्हणजे शालूचा लाल रंग कडेने ओघळू लागे. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या तळाशी अशी एखादी कॅसेट आजही असेल. ती कितव्या पिढीची आहे हे मात्र क्वचितच कोणास सांगता येते.

संगणकावर चित्र आकड्यांच्या रूपाने साठविता येऊ लागले, तेव्हा ही पिढ्यांची झीज कायमची संपेल अशी आशा होती. आकड्यांची नक्कल तंतोतंत होते, ही गोष्ट खरी आहे. पण आकडे फार होतात. जुन्या दूरदर्शनी चित्राची चौकट आडवी ७२० व उभी ५७६ बिंदूंची. अशा सेकंदाला पंचवीस चौकटी, काहीही न गाळता, टेलिव्हिजनच्या नेहमीच्या मापाने साठवावयाच्या, तर सेकंदाला सुमारे वीस मेगाबाइट आणि तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. १९९० च्या सुमारास ज्या तबकडीत चित्र बसवावयाचे होते ती गाण्यांची काँपॅक्ट डिस्क. तिच्यात एक गिगाबाइटही मावत नव्हता.

ह्या अडचणीतून वाट काढणाऱ्या गणिताचा जनक बंगळूरचा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. नासिर अहमद ह्यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा, पदवीपर्यंतचे शिक्षणही तेथलेच. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस येथे प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी आपली कल्पना घेऊन तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही, कारण परीक्षकांना ती कल्पना फारच सोपी वाटली. अहमद, टी. नटराजन व के. आर. राव ह्या तिघांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले तत्त्व असे: चित्राचा लहानसा चौकोन, बहुधा आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच, घेऊन त्याचे दोन प्रकारच्या घटकांत पृथक्करण करावयाचे, एक सावकाश बदलणारी छटा आणि दुसरा झपाट्याने बदलणारा बारकावा. मनुष्याचा डोळा पहिल्यास तीक्ष्ण व दुसऱ्यास मंद असतो. म्हणून दुसऱ्याचे आकडे सढळ हाताने कमी करता येतात. गाळण्याचे प्रमाण मर्यादेत असेतो कोणास काही कळत नाही. ते वाढले, की शेजारशेजारचे चौकोन एकमेकांशी जुळेनासे होतात. शहागडच्या पुराच्या चित्रातील ठिगळे ती हीच.

दुसरी युक्ती कारकुनाला सहज कळेल अशी आहे. वहीत एकाखाली एक तोच मजकूर येऊ लागला, की तो ‘वरीलप्रमाणे’ असे लिहून मोकळा होतो. पुलावर उभे राहून घेतलेल्या चित्रात पूल हलत नाही. मग दर चौकटीत तो नव्याने कशाला लिहावा? एक चौकट पूर्ण लिहावयाची आणि पुढील कित्येक चौकटींत जेवढा बदल झाला तेवढाच टिपावयाचा. पूल ह्या रीतीने जवळजवळ फुकट साठविला जातो. वाहते पाणी, जेजुरीस उधळलेला भंडारा, अक्षतांचा वर्षाव अशा गोष्टींत मात्र एक चौकट दुसऱ्यासारखी नसते, आणि ठरलेल्या जागेत ते सारे कोंबण्याच्या धडपडीत यंत्राची त्रेधा उडते. १९८८ साली स्थापन झालेल्या एमपेग मंडळाने दोन्ही युक्त्या एकत्र करून पहिले प्रमाण १९९० नंतर लवकरच सिद्ध केले. त्याच्या बळावर व्हीसीडी निघाली: चौकट जवळजवळ चतुर्थांश केलेली आणि सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिट. मराठी नाटके ह्या तबकड्यांवरून घरोघर पोचली, व पुष्कळांनी त्यांवरच समाधान मानले. मग डीव्हीडीसाठी दुसरे प्रमाण आले, २००३ साली एच-२६४ आले, २०१३ मध्ये त्याच गुणवत्तेस सुमारे निम्मी जागा घेणारे एच-२६५, आणि २०१८ मध्ये एव्ही-१. प्रत्येक नव्या पद्धतीत गाळणे अधिक चतुर होत गेले. मात्र जे गाळले ते परत येत नाही, हा नियम कोणीही बदलू शकलेले नाही.

संकलन करू पाहणाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. मोबाइलवरील फाइलीत सेकंदाला एखादीच चौकट पूर्ण असते. बाकीच्या ‘वरीलप्रमाणे’च्या नोंदी. एखाद्याने मधल्याच ओळीवर वही फाडली तर त्या ओळीचा अर्थ लावण्यासाठी मागची पाने चाळावी लागतात. संगणकाला दर कापास हेच करावे लागते, म्हणून तो अडखळतो, चित्र थांबत थांबत पुढे सरकते. ह्यावर उपाय म्हणून संकलनापूर्वी फाइल अशा पद्धतीत बदलून घेतात, की जिच्यात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे पूर्ण लिहिलेली असते. अ‍ॅपलचे २००७ सालचे प्रोरेस आणि त्यापूर्वी अ‍ॅव्हिड कंपनीने काढलेले डीएनएक्स-एचडी ही त्यांतली प्रसिद्ध नावे. मोबाइलवर सेकंदाला सतरा मेगाबिटांनी घेतलेले तासाभराचे चित्रण साडेसात गिगाबाइटांचे भरते. तेच नेहमीच्या प्रोरेसमध्ये पन्नास गिगाबाइटांच्या वर जाते.

सातपट मोठी झालेली फाइल पाहून चित्र सातपट सुधारले असे ज्याला वाटते तो फसतो, आणि सुधारणा काहीच नाही मग जागा का दवडावी असे म्हणून जो हे टाळतो तोही फसतो. ह्या रूपांतराने चित्रात कणभरही भर पडत नाही. ते लाभ देते तो पुढील खेपांत: रंग दुरुस्त केला, अक्षरे घातली, पुन्हा साठविले, पुन्हा उघडले, तरी प्रत्येक वेळी नवी गाळणी लागत नाही. ज्यांच्यापाशी तेवढी जागा नाही ते जुन्या संकलकांच्या मार्गाने जातात. मूळ फाइली बाजूस ठेवून त्यांच्या लहान, हलक्या कामाच्या प्रती करतात, त्यांवर सगळी कापाकापी उरकतात, आणि शेवटी काठावरच्या आकड्यांऐवजी कालांकांच्या आधारे संगणक तेच काप मूळ फाइलींवर उतरवितो. प्रभातच्या संकलकाला ही पद्धत समजावून सांगण्यास दोन वाक्ये पुरली असती.

दाखवावयाची प्रत किती लहान करावी, ह्याचेही दोन मार्ग आहेत, आणि लोक बहुधा त्यांतला चुकीचा निवडतात. एक मार्ग असा, की सेकंदाला इतकेच मेगाबिट असे आधी ठरवावयाचे. मग स्तब्ध बसलेल्या आजीच्या चित्रास गरजेपेक्षा अधिक मिळते आणि पुराच्या पाण्यास कमी. दुसरा मार्ग गुणवत्ता ठरवून आकार सैल सोडण्याचा. एच-२६४ साठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक्स-२६४ ह्या विनामूल्य आज्ञावलीत शून्यापासून एक्कावन्नपर्यंत आकडा मागतात. आकडा जितका मोठा तितके गाळणे अधिक. काही न सांगितल्यास ती तेवीस धरते. अठराच्या आसपास सामान्य डोळ्यास मूळ व नक्कल ह्यांत भेद करणे कठीण जाते, आणि सहा अंकांनी खाली उतरले तर फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. घरगुती चित्रणास हा मार्ग चांगला. फाइल ठरावीक मापातच बसवावयाची असेल तर यंत्राला सगळे चित्र एकदा नुसते पाहावयास लावून दुसऱ्या खेपेस लिहावयास लावतात. कीर्तनकार आधी आख्यान वाचून मग कोठे किती वेळ द्यावयाचा हे ठरवितो, तशातला हा प्रकार. वेळ दुप्पट लागतो, आणि तो दवडणे बहुधा फायद्याचे ठरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओस दीर्घकाळ सोळा मेगाबाइटांची मर्यादा होती. तीन मिनिटांचे मोबाइल-चित्रण सुमारे ३८० मेगाबाइटांचे असते. म्हणजे चोवीस भागांपैकी तेवीस भाग पहिल्याच खेपेस टाकावे लागत. संदेश पोचविण्यास एवढे पुरते, व त्या दृष्टीने ह्यात वावगे काही नाही. पुढे त्याच प्रतीवर नाव घालून ती पुन्हा लहान केली जाते, तेव्हा मात्र यंत्र ठिगळांनाच चित्र समजून त्यांची इमानाने नोंद करीत बसते.

पुण्याच्या संग्रहालयात, जे आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे, हाच हिशेब राक्षसी आकड्यांत मांडावा लागतो. पस्तीस मिलिमीटर फितीची एक चौकट चार हजार बिंदूंच्या रुंदीने टिपली तर एका चौकटीस सुमारे ५१ मेगाबाइट लागतात. दोन तासांच्या बोलपटात पावणेदोन लाखांच्या जवळपास चौकटी असतात. गुणाकार केला म्हणजे एका चित्रपटास सुमारे पावणेनऊ टेराबाइट. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. एवढे सारे चित्रपट ह्या मापाने ठेवावयाचे आणि प्रत्येकाची दुसरी प्रत निराळ्या गावी ठेवावयाची, तर कोठाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संग्रहालयांनी त्यासाठी न गाळता लहान करण्याच्या पद्धती स्वीकारल्या. मायकेल नीडरमायर ह्यांनी २००३ च्या सुमारास रचलेली एफएफव्ही-१ ही त्यांतली एक. तिने फाइल पाव किंवा दशांश होत नाही. फार तर निम्म्यापर्यंत उतरते. परंतु उलगडली असता मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. जपावयाच्या प्रतीसाठी एवढी एकच काटकसर संग्रहपाल मान्य करतात, आणि ते योग्यच आहे. पुढे कोणते यंत्र कोणता ओरखडा पुसू शकेल हे आज सांगता येत नाही, व निरुपयोगी म्हणून आज गाळलेला बारकावाच त्या दिवशी हवा असतो.

जेथे मूळ निगेटिव्ह नाहीशी झाली आहे तेथे पुनरुज्जीवन करणारे एकनाथांच्याच वाटेने जातात. एका प्रतीत तुटलेला तुकडा दुसरीत सापडतो. एकीचे चित्र स्वच्छ तर दुसरीचा ध्वनी. आणि अनेक प्रती ताडून एक सिद्ध करावी लागते. काही ठिकाणी काहीच सापडत नाही, आणि तेथे हाताने भर घालण्याचा मोह आवरावा लागतो.

घरच्या कपाटातील कॅसेटचेही असेच आहे. ती उतरवून देणारे दुकानदार बहुधा जागा वाचविण्यासाठी थेट लहान फाइल हाती देतात. उतरविताना प्रथम मोठी, प्रत्येक चौकट पूर्ण असलेली फाइल मागावी. तासाला तेरा गिगाबाइट घेणारी डीव्ही पद्धत व्हीएचएसला पुरून उरते. आप्तेष्टांना पाठवावयाच्या लहान प्रती तीवरून हव्या तितक्या काढता येतात. मुंजीतील आजोबांचा चेहरा ठिगळांत गेला, तर तो तेथून परत आणणारे यंत्र निघालेले नाही. काही नवी यंत्रे त्या जागी एक नीटस चेहरा रेखून देतात, पण तो आजोबांचा नसतो.

शहागडच्या पुराचे ते चित्रण ज्या मोबाइलवर घेतले गेले, त्यावर पहिली फाइल पुढील पावसाळ्यापर्यंत क्वचितच टिकते. जागा भरली अशी सूचना येते, आणि सर्वांत मोठ्या फाइली प्रथम पुसल्या जातात.